डाइकस्त्रांची चौकशी

१२ नोव्हेंबर २००६, घाटंजी

जोतीचा फोन आला. मी ड्यूटीवरून नुकताच आलो होतो, खाकी अजून अंगावरच. आधी ती याडीशी, म्हणजे आईशी बोलली. कमलाचा चेहरा उतरत गेला तसा मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. या साली फोन वाजला की घरोघरी हेच होतं, कोणत्या तांड्यातून कोणी विष घेतल्याची बातमी येईल नेम नाही. पण हे वेगळंच निघालं.

तिकडे हॉलंडात तिच्या कॉलेजात एक पोरगा आहे. दोघांना लग्न करायचं आहे. एवढं तिनं एका दमात सांगितलं. आपण पोरीला माती शिकायला पाठवलं, शिकून परत येईल म्हणून. स्कॉलरशिप मिळाली तेव्हा डेपोत पेढे मीच वाटले होते.

माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला तर, आडनाव काय. डाइकस्त्रा. यान डाइकस्त्रा. दोनदा म्हणायला लावलं तेव्हा कुठं जिभेवर बसलं.

"बापू, तुमी हो म्हनल्याबिगर मी काही करनार नाही. पन नाही म्हनान तर कारन सांगा लागन."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. तेच नको होतं. कमला नुसती भांडी आपटते.

१५ नोव्हें.

पहिली फेरी पांढरकवडा–घाटंजी. गाडीत कापूस वेचायला जाणाऱ्या बाया. तिकिटं फाडताना चुकलो, एकीला अर्धं दिलं. ती म्हणे, कंडक्टर, मी काय शाळेत जाऊन राह्यली का. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मी एवढी वर्षं याच रस्त्यावर. कोणाचंही आडनाव सांगा, मी गाव सांगतो, घर कोणत्या बाजूला तेही सांगतो. म्हणून तर सोयरीक जुळवायची असली की लोक माझ्या सीटजवळ येऊन उभे राहतात. आजही केळापूरचा एक म्हातारा आला. पुढच्या एका गावातल्या पोराबद्दल हळूच विचारलं. तो पोरगा बायकोला मारायचा, पहिली त्यामुळंच गेली माहेरी, हे मला ठाऊक. म्हणालो, "मले काही माहीत नाही बाबा त्या घरचं." म्हातारा समजला. मान हलवली, राम राम केला, आपल्या स्टॉपवर उतरला. सोयरीक तिथंच संपली. कोणाचं वाईट तोंडानं बोलायचं नाही, आणि जाणत्यानं माहीत नाही म्हटलं की चहा पिऊन उठायचं. दोन्हीकडची इज्जत राहते.

पण मी आता कोणाच्या सीटजवळ जाऊन उभा राहू? हॉलंडची गाडी कोणत्या फलाटावर लागते?

१९ नोव्हें.

जोतीचा फोन. आडनावाचं पुन्हा विचारलं. ती हसली, किती दिवसांनी. म्हणाली, बापू, इकडं आडनावावरून घर कुठं होतं ते समजते. डाइक म्हणजे पाणी अडवायचा बांध. डाइकस्त्रा म्हणजे बांधावरचे. मग तिला जोरच चढला. तिच्या वर्गात एक फान देर मेर आहे, म्हणजे तळ्याचा. एक फान देन बेर्ख, डोंगराचा, आणि त्या मुलखात डोंगर औषधाला नाही. आपला घाट पाहिला तर ते लोक तोंडात बोट घालतील म्हणे. एक पोरगी टेर्पस्त्रा, टेकाडावरची. जुन्या काळी पाणी चढलं की माणसं गाई-गुरं घेऊन मातीच्या टेकाडावर जाऊन बसत.

ती गंमत म्हणून सांगत होती. मला गंमत वाटेना. विचारलं, पाणी काहून चढते?

"हा मुलूख समुद्राच्या खाली हाय ना बापू." असं म्हणाली जशी आज भाजीत मीठ कमी आहे.

कोणाचं नाव तळं, कोणाचं नाव बांध, कोणाचं पूर आला तर चढायचं टेकाड. ज्यांच्या नावानावात पाणी शिरलं आहे त्यांच्यात माझी पोरगी राहते. इकडे आमच्या बोअरला पाणी नाही. कमलाला समुद्राचं सांगितलं नाही.

आम्ही राठोड. आमच्या नावात गाव नाही, नदी नाही, डोंगर नाही. आमचे म्हातारे बैलांवर मीठ लादून फिरायचे, आज इथं तर उद्या तिथं. नाव सांगतं ते एवढंच की कोण भाऊबंद आणि कोणाशी लग्न करायचं नाही. कुठलेच नव्हतो म्हणून कुठं बुडालोही नाही.

आणखी एक. बांध म्हणजे आपल्याकडे धुरा. धुऱ्यापायी किती डोकी फुटली ते मी पाहिलं आहे. धुऱ्यावरचं घराणं कसं असेल?

२६ नोव्हें., तांडा

दादाकडे गेलतो. दादा म्हणजे थोरला भाऊ, तांड्याचा कारभारी. नायक तांड्याचा मुख्य, त्याच्या खालोखाल दादाचा शब्द. तो वेचलेल्या कापसावर बसून होता, व्यापारी आला नाही म्हणून वैतागलेला. मी आधी भाव-बिव बोललो, मग सांगितलं.

वाटलं होतं, अंगावर येईल. आला नाही. सरकी काढत बसला, एकेक बी बोटानं. मग म्हणाला, पोरगा कोर आहे, आपल्यातला नाही, हे तर दिसतंच आहे. जोतीनं ठरवलं तर आपण कुठं पुरे पडणार. पण घराणं पाहिलं का? त्यांच्या भाऊबंदाला विचारलं का? "आपलं काम नेमानं कर. त्यायच्यातला एक जरी मानूस म्हनला का घर चांगलं हाय, तर नायकाशी मी बोलतो. नाही म्हनला तर माह्यापाशी येऊ नोको."

एका माणसाचा शब्द. तो कुठून आणू? येताना गाडीत बसून होतो, गाडी माझ्याच रस्त्याची असून मला स्टॉप कळले नाहीत.

३ डिसें.

देवानं ऐकलं.

पां.कवड्याला स्टँडसमोर सलीमभाई भेटला. सलीमभाई मेकॅनिक, कुवेतला राहून आलेला, इंग्रजी बोलतो. सध्या त्याची जीप एका गोऱ्या साहेबानं भाड्यानं लावली आहे. साहेब फवारा न मारलेला कापूस पाहत गावोगाव फिरतो. यंदा असे पुष्कळ लोक येतात, कोणी लिहून घेतो, कोणी फोटो काढतो. मी आपलं सहज विचारलं, कुठला? हॉलंडचा. नाव? सलीमभाई म्हणाला, फान डाइक.

मी त्याचा हातच धरला. फान डाइक. बांधाचे. ते बांधावरचे, हे बांधाचे. भाऊबंदच की. एका धुऱ्याच्या दोन बाजू.

सलीमभाईला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "राठोड, मेरेको नहीं लगता ऐसा रहता उधर." पण घेऊन जायला तयार झाला. मी केळापूरच्या देवीला हात जोडून घरी आलो. एकदा वाटतं चांगलं सांगेल, एकदा वाटतं नाही.

६ डिसें.

जाऊन आलो.

लॉजच्या ओसरीवर बसलो. साहेब उंच, नाक उन्हानं सोललेलं, बोलायला मऊ. चहा आला. मी एकदम विषय काढला नाही, आधी घरच्यांची विचारपूस केली, किती भाऊ, शेती आहे का. मग सलीमभाईला म्हटलं, आता विचार.

सलीमभाईनं यानचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं ऐकलं. कपाकडे पाहिलं. दोन शब्द बोलला.

"बोलते है, मेरेको नहीं मालूम इन लोगों का."

रीतीप्रमाणे पुन्हा एकदा विचारायला लावलं. पुन्हा तेच. आणि हसला. आणि लगेच कापसाचं काढलं, यंदा बोंडअळी किती वगैरे. म्हणजे मुद्दाम विषय बदलला. मी स्वतः असाच बदलतो.

मला बसवेना. चहा संपवला, हात जोडले, उठलो. सलीमभाई बाहेर येऊन म्हणाला, त्याला खरंच माहीत नसेल. मी म्हटलं, तू सोयरिकी केल्या आहेत का कधी?

आपल्याच भाऊबंदाचं नाव घेतल्यावर जो माणूस कपात पाहतो, त्याला काय माहीत असेल? मारतात? आधीचं लग्न असेल? पोरगी एकटी आहे तिकडे.

१० डिसें.

दोन्ही कामं करून टाकली. सकाळी तांड्यावर जाऊन दादाला सांगितलं, घराणं बरं निघालं नाही. दादानं मान हलवली, खोदून विचारलं नाही. तसं विचारायचं नसतं.

दुपारी जोतीचा फोन. कमलानं माझ्या हातात दिला आणि आत गेली. मी म्हटलं, चौकशी केली. जमत नाही.

"कारन सांगा म्हनलं होतं मी."

"चौकशीत बरं नाही निघालं."

"कोनाले इचारलं? काय म्हनला तो?"

सांगणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं. मी गप्प राहिलो. तिला वाटलं फोन तुटला, हॅलो हॅलो करत राहिली. मग हळू म्हणाली, बापू, तुमी त्याच्याशी एकदा तरी बोलले का? फोन ठेवला तिनं.

कमला म्हणते, पोरीचं वाटोळं केलं. मी म्हणतो, वाचवलं. खरं काय ते मलाही सांगता येत नाही.

१७ डिसें.

रविवार गेला, फोन नाही. आम्ही दोघं फोनपाशी बसून होतो, एकमेकांशी न बोलता. कमलानं तर अंघोळही उरकती घेतली, मधे वाजला तर.

शेजारच्या टीव्हीवर बातमी पाहिली, तिकडच्या समुद्रावर मोठं वारं सुटलं आहे. लाटा दाखवल्या, देशाचं नाव नीट ऐकू आलं नाही. मी एसटीडीवर जाऊन तिचा नंबर लावला. वाजतो, उचलत नाही. पुन्हा लावला. बूथवाला म्हणाला, राहू द्या ना मास्तर, बिझी असन. मला डोळ्यापुढं दिसतं की ती कुठल्या तरी मातीच्या टेकाडावर चढून राहिली आहे आणि मी इकडून ओरडतो आहे आणि तिला ऐकू जात नाही. आणि शेवटचं मी तिला काय बोललो तर, जमत नाही.

उचलत नाही ती पाण्यामुळं, का माझ्यामुळं? दुसरं असलेलं बरं. देवा, माझ्यामुळंच असू दे.

२१ डिसें.

घाटंजीचा बाजार. दुपारी स्टँडवर सलीमभाईची जीप उभी दिसली. साहेब उसाचा रस पीत होता. मला टाळायचं होतं, पण तोच हात हलवत आला. विचारलं, मुलीचं लग्न जमलं का. चेहरा असा मोकळा की मला राग आला. मी सलीमभाईला म्हटलं, याला विचार, आपल्या भाऊबंदाचं वाईट होतं तर मला खुणेनं सांगितलं ते ठीक, पण आता लग्न तुटलं, आता तरी सांग काय वाईट आहे.

साहेबाला काही समजेना. सलीमभाई बराच वेळ समजावत होता. मग साहेबानं ग्लास खाली ठेवला.

तो म्हणाला ते असं. त्याच्या देशात बांध हजारो. प्रत्येक बांधाजवळ कोणी ना कोणी राहत होतं. कधी काळी एका राजाचं फर्मान निघालं, सगळ्यांनी आडनाव लिहून द्या, तेव्हा ज्यांना नव्हतं त्यांनी जे दारासमोर दिसलं ते दिलं. बांध, तळं, पूल, टेकाड. फान डाइक एवढे आहेत की त्याच्या शाळेत एका वर्गात तिघं होते आणि कोणी कोणाचं लागत नव्हतं. डाइकस्त्रा तर देशाच्या दुसऱ्या टोकाचे. त्याच्या आज्यानं आयुष्यभर शहरात चपला शिवल्या. "मेरेको नहीं मालूम बोला, तो नहीं मालूम इसलिए बोला," सलीमभाई म्हणाला.

मी कठड्यावर बसलो.

म्हटलं, विचार, मग तुमच्यात पोरगा चांगला का वाईट हे कळतं कसं? साहेब म्हणाला, आम्ही मुलीला विचारतो.

नंतर फेरीला गाडी सोडायची डबल बेल मारायची विसरलो, ड्रायव्हरनंच हाक मारली.

२२ डिसें.

आज काही लिहावंसं वाटत नाही. भीतीपायी मी काय करून बसलो. ज्या माणसाला ठाऊक नव्हतं त्याच्या तोंडात मी माझी भीती घातली आणि तीच ऐकली.

२४ डिसें.

तिनं उचलला. आवाज ऐकला आणि मला रडू आलं, बूथमध्ये. वारं वगैरे तिच्या गावाला काही नव्हतं. मी सगळं सांगितलं, साहेबाचं, बांधाचं, कपाचं. ती हसेल वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, बापू, मी इकडं रडून रडून अर्धी झाली.

मग तिनं दुसरंच सांगितलं. यानचे मायबापही घाबरले आहेत. त्यांनी पेपरात आपल्या जिल्ह्याचं वाचलं, कापूस, विष, शेतकरी. त्यांना वाटतं कुठल्या मुलखात आपला पोरगा सोयरीक करतो आहे. त्याचा बाप गाई राखतो, गावाबाहेर फार गेला नाही, त्याला रात्री झोप येत नाही. तो म्हणतो, मीच जाऊन पाहतो. जानेवारीत ती, यान आणि बाप, तिघं येतात.

"त्यायनं इचारलं, तुह्या बापाबद्दल कोनाले इचारू? मी म्हनलं, माह्या मोठ्या बापूले इचारा."

मोठे बापू म्हणजे दादा.

३१ डिसें., तांडा

दादाला सांगायला गेलो. माझी चूक सांगितली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, हेच वाईट.

"तू एकदा नाही म्हनला. मी नायकाले सांगितलं, चार लोकायले सांगितलं. आता माह्यी जीभ उलटी फिरवू का?"

मी म्हटलं, दादा, ते तुला माझ्याबद्दल विचारायला येतात. तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. मी थांबलो, तो परत आला नाही. वहिनीनं चहा दिला.

तो काय बोलेल? त्यानं नुसतं एवढं म्हटलं की पुरे, मले काही माहीत नाही. तो डच माणूस समजणार नाही, पण जोती समजेल. तिथं बसलेला सगळा तांडा समजेल.

७ जाने. २००७

दादाकडून काही नाही. दोनदा निरोप पाठवला. कमलानं घर सारवलं, रजई धुतली. मी रजा टाकली. साहेबानं सलीमभाईला जीप त्या दिवसापुरती सोडली आहे. सगळी तयारी आहे, दादाचा शब्द तेवढा नाही. स्वप्नात बांध फुटतो आणि मी तिकिटं फाडतो आहे.

१४ जाने., संध्याकाळ

आले. झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच वेगळं आठवेल.

सलीमभाईनं सरळ तांड्यावरच आणलं. जोती बारीक झाली आहे. माझ्या पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला. यान लाजाळू, लाल कानांचा. त्याचा बाप जाडजूड, हात माझ्या दादासारखेच, भेगाळलेले. जीपमधून उतरल्या उतरल्या त्यानं आधी दादाचे बैल पाहिले, एकाच्या मानेवरून हात फिरवला. दादा दुरून पाहत होता.

निंबाखाली बाजा टाकलेल्या. लोक जमले. ज्याच्याबद्दल विचारायचं त्यानं समोर बसायचं नसतं, म्हणून मी गोठ्यामागं जायला निघालो. दादा म्हणाला, बस इथंच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बसलो.

डच बापानं सलीमभाईकरवी विचारलं, तुमचा भाऊ कसा माणूस आहे? माझा पोरगा या घरात येईल तर त्याला काय पाहायला मिळेल?

चहा आला होता. दादानं कप उचलला. माझे डोळे मिटले आपोआप.

"भेकड हाय," दादा म्हणाला. "लहानपनापासून. साप पाहिला तर झाडावर, झाडावर गेला तर उतराची भीती. पोरीले नाही म्हनला तेबी भीतीपायी. आता पोरगी तुटन म्हनून हो म्हनन, तेबी भीतीपायीच. खोटा मानूस नाही. कोनाचं वाईट कधी केलं नाही, पोरीवर जीव हाय. बस एवढं हाय."

सलीमभाई मधेच अडखळला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सगळं सांग. त्यानं सांगितलं. डच बापानं माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या छातीवर हात ठेवून काहीतरी म्हटलं. सलीमभाई म्हणाला, बोलते है, मैं भी.

लोक हसले, बरंच हसले. नायक पण. मला वाटलं, झालं, पार पडलं. पण जोती हसली नव्हती. ती उठून माझ्यासमोर येऊन बसली, खाली, मातीत.

"बापू, मोठे बापू म्हनते तसं नोको मले. मी तुटन म्हनून हो नोको, पानी येईन म्हनून नाही नोको. भीती बाजूले ठेवा अन् सांगा. तुमाले काय वाटते?"

मी उठलो, हात धरून तिला मातीतून उठवलं. म्हटलं, घरी चल, सांगतो.

आता घरी आलो आहे. बाप-लेक ओसरीवर बसून आहेत, एकमेकांशी त्यांच्या भाषेत हळूहळू बोलतात. उद्या सकाळी ते नागपूरला निघतील. मी मघापासून इथं वही घेऊन बसलो आहे आणि भीती बाजूला ठेवून पाहतो, खाली काही आहे का. आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं. आहे काहीतरी. अजून नीट शब्दात येत नाही, पण 'नाही' तर नाही.

कमलानं जेवायला हाक मारली. ताटं वाढली आहेत. जोतीनं माझ्यासमोरची जागा धरली आहे, इथून दिसते.

जातो.